यादी कुणाच्या डोक्यात?

ताई, सादर नमस्कार.

मी ३९ वर्षांची, तुमच्या मुलीच्या वयाची असेन. अगं-तुगं केलंत तर बरं वाटेल. आम्ही नाशिकला, इंदिरानगरात राहतो. यजमान अंबडला कंपनीत आहेत, मी एका खासगी दवाखान्यात बिलिंगला. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. सासूबाई आमच्याकडेच असतात.

कोजागरी झाली की माझ्या पोटात गोळा येतो. रात्री तीनला जाग येते ती येतेच. भाजणी दळायला टाकायचीय, पडदे धुवायचेत, असं सगळं डोक्यात फिरत राहतं. सुट्टी मला दोनच दिवस. सासूबाई म्हणतात, या घरात विकतचा फराळ कधी आला नाही. पाडव्याला ठाण्याहून नणंद, तिचे यजमान आणि दोन मुलं चार दिवसांसाठी येतात. आमचे हे वाईट नाहीत. लिस्ट दे म्हणतात, आणून टाकतात. परवा लेकीच्या हातून रांगोळीचा डबा सांडला, तर मी तिच्यावर इतकी ओरडले की माझी मलाच भीती वाटली. सगळ्यांना दिवाळी यावीशी वाटते, मला ती संपावीशी वाटते. मी वाईट आहे का?

ता. क. फाल्गुनात माझे वडील गेले. माहेर निफाडचं. धनत्रयोदशीला त्यांचा न चुकता फोन यायचा, ‘बाई, काय काय झालं?’ म्हणून. याचा वरच्याशी काही संबंध नाही, पण लिहिलं.

(नाव छापू नये.)

—

मुली,

वाईट नाहीस. हे आधीच उरकून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. आश्विन लागला की अशी पत्रं माझ्याकडे दर वर्षी येतात. लिहिणाऱ्या बायका आळशी नसतात, सणाचा कंटाळा असलेल्याही नसतात. उलट ज्यांच्या घरची दिवाळी बघून शेजारीण जळते, त्यांचीच असतात.

ताज्या कलमात ‘काही संबंध नाही’ असं लिहिलं आहेस. ते मला पटलेलं नाही, पण त्याकडे जरा वेळाने येते.

पत्र वाचताना वाटलं होतं, तक्रार सासूबाईंची असणार. विकतच्या फराळाचं वाक्य आल्यावर खात्रीच झाली. पण मी अडखळले ते वेगळ्याच ठिकाणी. ‘लिस्ट दे म्हणतात, आणून टाकतात.’ हे तू नवऱ्याच्या बाजूने लिहिलं आहेस, त्याचा चांगुलपणा म्हणून. असेलही तो चांगला. पण ती लिस्ट बनते कशी, हे त्याने कधी पाहिलंय का?

मी सांगते कशी बनते. तेलाचा डबा तळाला लागलाय, हे दिसावं लागतं. ठाण्याच्या धाकट्याला शेंगदाणे चालत नाहीत, म्हणजे चिवडे दोन. नणंदेला मागच्या भाऊबीजेला कुठल्या रंगाची साडी दिली ते आठवावं लागतं, नाहीतर पुन्हा मोरपंखीच घेतली जाते. उटण्याची गेल्या वर्षीची पुडी फडताळात आहे, पण तिला वास राहिलाय का? आकाशकंदिलाची वायर उंदराने कुरतडली होती. कामाच्या मावशींची दिवाळी, वॉचमनचं पाकीट. पोरांची सहामाही संपते कधी आणि त्यांचे कपडे कधी आणायचे. गाद्या किती, पांघरुणं किती, कोण कुठे झोपणार. दवाखान्यात कुणाशी पाळी बदलून घ्यायची. हे सगळं तू महिनाभर डोक्यात वागवतेस, मग त्यातल्या दहा ओळी कागदावर उतरतात आणि तो कागद खिशात घालून आपले यजमान गाडीला किक मारतात. ते अर्ध्या तासात परत येतात. आणि घरात ‘त्याने सगळं सामान आणलं’ असं होतं.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली होती, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं तेव्हा त्यात जात होती. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६. ही मोजणी बारा महिन्यांच्या सरासरी दिवसाची, दिवाळीची नव्हे. शिवाय ती दिसणाऱ्या कामाची. कुकरची शिट्टी मोजता येते. पण दवाखान्यात बिल फाडताना तुझ्या मनात भाजणी चालू असते, ती कुठल्या खात्यात धरणार?

तीनला जाग येते ती यानेच. पहाटेच्या त्या प्रहराला झोप तशीही उथळ असते, आणि शरीराला उठवणारं कॉर्टिसॉल हळूहळू वाढू लागलेलं असतं. एरवी कूस बदलून आपण पुन्हा झोपतो. डोक्यात न उतरवलेली यादी असली की ती त्या फटीतून आत शिरते.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. निम्म्यांनी झालेली कामं लिहिली, निम्म्यांनी पुढची करायची कामं. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्यांची यादी जितकी बारीक तपशिलाची, तितकी लवकर. प्रयोग लहान आहे, त्यावर फार इमले बांधू नयेत. पण वही-पेनाला पैसे पडत नाहीत. तेव्हा आज रात्री जेवणं झाली की बस आणि लिही. क्रम लावू नकोस, महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं करू नकोस, वॉचमनच्या पाकिटापर्यंत सगळं उतरव. मला वाटतं तीन पानं तरी होतील.

ती तीन पानं नवऱ्यापुढे ठेव. रागाने नको, पण ‘मला जरा मदत करा’ असंही म्हणू नकोस. मदत म्हटलं की काम तुझंच राहतं, तो फक्त हात लावतो, वर उपकार. त्याऐवजी अख्खं काम दे, शेंडीपासून शेपटापर्यंत. पाहुण्यांची झोपण्याची सोय त्याची: गाद्या मोजणं, उन्हात घालणं, कमी पडल्या तर कुठून आणायच्या ते ठरवणं. दिव्यांचं आणि कंदिलाचं सगळं त्याचं. बहिणीची भाऊबीज तर त्याचीच आहे, त्याची बहीण, त्याची ओवाळणी. साडीचा रंग आठवण्याचं काम तुझ्याकडे आलंच कसं, हे त्याला हसत हसत विचार. अंबडच्या कंपन्यांमधली माणसं शिफ्टचा ताबा एकमेकांना व्यवस्थित देतात. ताबा दिल्यावर आधीच्या शिफ्टचा माणूस मशीनपाशी घुटमळत नाही, हे त्याला चांगलं माहीत असणार.

आणि हे घुटमळणं तुला सोडावं लागेल. हे मी अनुभवाने सांगते. लग्नाला चार वर्षं झाली होती, यांनी चिवड्यासाठी पोहे आणले, जाड. मी त्या पोह्यांवरून केवढा तमाशा केला! पातळ आणि जाड यातला फरकसुद्धा कळत नाही वगैरे. ते बिचारे गप्प बसले आणि पुढची वीस-बावीस वर्षं त्यांनी दिवाळीच्या सामानाला हात लावला नाही. चूक त्यांची होती, शिक्षा मी भोगली. जाड पोह्यांचे कांदेपोहे झाले असते आणि पातळ पोहे दुसऱ्या दिवशी आले असते. तेव्हा तुझ्या नवऱ्याने आणलेला कंदील भलताच निघाला, तर भलता कंदील लाव.

आता सासूबाई. विकतचा फराळ घरात आला नाही, असं त्या म्हणतात, आणि ते खरं असेल. पण तेव्हा तो कुणी केला, हे त्यांनाच विचार. मी जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या वाड्यात वाढले. आज अमक्यांच्या करंज्या, उद्या तमक्यांच्या चकल्या, असं ठरलेलं असायचं. दुपारी पाच-सहा जणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. एक लाटतेय, दुसरी सारण भरतेय, कातणं फिरवायला आम्हा पोरी, आणि तळणीपाशी ज्या आजींचा हात बसलेला त्या. भांडणंही व्हायची, साटा कुणी पातळ केला यावरून अबोलेसुद्धा. ते दिवस सोन्याचे होते असं काही मी म्हणणार नाही, विहिरीचं पाणी ओढून माझ्या आईची पाठ कायमची गेली. पण फराळ एकट्या बाईने कधी केला नाही. वाडे पडले, फ्लॅट आले, बारा हातांचे दोन हात झाले. फराळाच्या पदार्थांची संख्या मात्र कुणी कमी केली नाही, उलट त्यात चॉकलेटच्या बर्फ्या वाढल्या.

म्हणून सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांना त्यांचं खातं दे. अनारसे त्यांच्याकडे. तांदूळ तीन दिवस भिजत घालणं, रोज पाणी बदलणं, फडक्यावर सुकवणं, गूळ किती तो हाताने ओळखणं, हे बसून होणारं काम आहे आणि त्यातलं तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. दळायला आणि कुटायला मुलांना लाव. जाळी पडली तर कौतुक त्यांचं, तळणीत विरघळले तर खापरही त्यांचं. मग सांग, ‘आई, यंदा अनारसे तुमचे आणि शंकरपाळी माझी. चकली बचत गटाच्या बायकांकडून आणते, तुम्ही चव घेऊन पसंत करा.’ परवानगी मागू नकोस, पसंती माग. त्या रुसतील. रुसू देत दोन दिवस. मनासारखं न झाल्याने सत्तरीतलं माणूस आजारी पडत नाही. त्या दिवसभर आठवण करून देत असतील, त्यालाही एक कारण असावं. घराची यादी एकेकाळी त्यांच्या डोक्यात होती, आता कुणी विचारत नाही, मग ती तोंडावाटे बाहेर येते.

चिवड्याबद्दल तर बोलूच नये. बाहेरगावची माणसं नाशिकला आली की चिवड्याच्या पिशव्या भरभरून नेतात, आणि आपण नाशिककर गॅससमोर उभे राहून पोहे भाजतो.

नणंदेला फोन कर. नवऱ्यामार्फत नको, सासूबाईंमार्फत तर मुळीच नको. ती ठाण्यात कुणाची तरी सून आहे, तिचंही तिथे हेच चालू असणार, आणि ती चार दिवस येते ती पाठ टेकायला. त्याचा राग येणं साहजिक आहे, तिला माहेरपण आणि तुला मोलमजुरी. तिला सरळ सांग की बेसनाचे लाडू करून आण, आणि धाकट्याचा बिनशेंगदाण्याचा चिवडाही तूच आण. शिवाय पाडव्याचा एकच स्वयंपाक घरी होईल, बाकीच्या दिवशी एक वेळ बाहेर जेवू किंवा खिचडी टाकू. माझा अंदाज, ती हो म्हणेल. नाही म्हणाली तर निदान तुला कळेल तरी.

खरेदीचं थोडक्यात. दिवाळीआधीच्या रविवारी मेन रोडला जाऊ नकोस. शालिमारपासून रविवार कारंजापर्यंत पोरांचे हात धरून आणि सासूबाईंना सांभाळून चालणं म्हणजे पर्वणीला रामकुंडावर जाण्यासारखं आहे. आडवारी सकाळी अकराला, दुकानं नुकती उघडलेली असताना एकटी जा, तासात काम होतं. पैशाबद्दल तू लिहिलं नाहीस, म्हणून मीही लिहीत नाही. बोनसच्या जोरावर हप्त्याने काही घेऊ नकोस, एवढंच.

आणि साफसफाई. माळे यंदा राहू देत. पाहुणे काही माळ्यावर झोपणार नाहीत. तुळशीच्या लग्नापर्यंत दिवाळीच असते, असं आपल्याकडे म्हणतात. ते लोकांकडे फराळाला जाण्यापुरतंच कशाला ठेवायचं?

आता ताज्या कलमाकडे येते.

होम्स आणि राहे या दोन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ साली एक तक्ता केला होता. आयुष्यातल्या ४३ घटना आणि प्रत्येकीला ताणाचे गुण. जोडीदाराचा मृत्यू १००, जवळच्या नातलगाचा मृत्यू ६३. तळाशी त्यांचा ख्रिसमस, १२ गुण. म्हणजे सणाचाही ताण असतो हे त्यांनी साठ वर्षांपूर्वीच मांडून ठेवलंय, पण किती, तर कायद्याच्या किरकोळ उल्लंघनापेक्षा एक गुण जास्त. तक्ता जुना आहे, परक्या देशातला आहे, माणसाचं दुःख असं गुणांनी मोजावं का, हाही प्रश्नच. पण मला त्यातला बेरजेचा विचार पटतो. तू मला १२ गुणांबद्दल अख्खं पत्र लिहिलंस आणि ६३ गुणांबद्दल ताजा कलम.

लग्न झालेल्या लेकीला वडिलांचं सुतक तीन दिवसांचं, असा आपल्याकडचा हिशेब. चौथ्या दिवशी ती सासरी मोकळी, डबे भरायला आणि कामावर जायला. निफाडला तुझ्या आईच्या दारात यंदा कंदील लागणार नाही, कढई चढणार नाही, भाऊबंद ताटं आणून देतील तेवढाच फराळ. आणि तू इथे नणंदेच्या माहेरपणासाठी तळत उभी राहणार. रांगोळीचा डबा सांडला म्हणून तू ओरडलीस, असं तुला वाटतंय. मला नाही वाटत.

सणाला शोक करू नये, घरात भरल्या दिवशी डोळ्यांत पाणी आणू नये, असं कुणीतरी तुला सांगेलच. ऐकू नकोस. वसुबारसेच्या आधी एक दिवस काढ, दवाखान्यातली सुट्टी हवं तर तिथे खर्च कर, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी कामावर जावं लागलं तरी चालेल. निफाड तासाभराचा रस्ता आहे. जाताना डबे भरून नेऊ नकोस, तिथेही काम काढशील. आईजवळ नुसती बस. भाऊ द्राक्षबागेत फवारणीच्या गडबडीत असेल, त्याच्यामागे बांधावर चक्कर मार. वडिलांबद्दल बोलणं निघालं तर निघू दे. एकटी जा, किंवा लेकीला घेऊन जा. तिलाही आजोबा होते.

त्या लेकीची माफी मागितलीस का? नसशील तर आज माग, एका वाक्यात. ‘डब्यासाठी ओरडले नव्हते गं, मला आजोबांची आठवण येत होती,’ इतकं सांगितलंस तरी सातवीतल्या मुलीला सगळं समजतं. आणखी एक. तुझी दमछाक बघून लोक म्हणतील, लेक मोठी झाली, घे की हाताशी. घे, पण तिसरीतल्या धाकट्यालाही घे. पणत्या भिजत घालून पुसणं, कामाच्या मावशींना फराळाचं ताट नेऊन देणं, हे आठ वर्षांच्या मुलाला छान जमतं. नाहीतर ही यादी तुझ्या डोक्यातून निघेल आणि थेट तिच्या डोक्यात जाऊन बसेल, मग वीस वर्षांनी ती कुणाला तरी पत्र लिहील.

शरीराचं थोडं. चार वाजल्यानंतरचा चहा या महिन्यात बंद कर. त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग उतरायला साधारण पाच तास लागतात, आणि तुझ्या घरी साडेसहाला पुन्हा एकदा चहा होत असणार, सासूबाईंच्या सोबतीला. रात्री तीनला जाग आलीच तर घड्याळ आणि मोबाईल बघू नकोस. श्वास आत घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला लाव, अशी दहा-बारा आवर्तनं. नाहीच लागली झोप तर उठून बस, अंधारातच बस, पण स्वयंपाकघरात जाऊ नकोस. गेलीस की ओटा पुसायला लागशील.

आणि हे मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. दिवाळी उलटून दोन आठवडे झाले तरी झोप अशीच राहिली, कशातच मन लागेना, किंवा जगणं नकोसं वाटण्याचे विचार येऊ लागले, तर डॉक्टरांना भेट. असे विचार आले तर दोन आठवड्यांची वाटही बघू नकोस. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा नंबर आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, दिवसरात्र, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. पहाटे तीनलाही फोन उचलतात.

धनत्रयोदशीच्या फोनचं काय करायचं, त्यावर मी बराच विचार केला. तो फोन यंदा येणार नाही. त्या वेळेला तू हात रिकामे ठेव, तळणं असेल तर गॅस बंद कर, आणि आईला फोन लाव. विचारायचं काही सुचलं नाही तर वडिलांचंच वाक्य वापर.

आणि मला पत्र टाक, तुळशीच्या लग्नानंतर, सवडीने. अनारसे विरघळले की जाळी पडली, कंदील कुठला आला, ठाण्याचे लाडू कसे होते. काय काय झालं ते सगळं लिही.

तुझी,
ताई